बोबड्या तोंडाचा वासुदेव

"पोरीला घरी न्या, काका," भिवा भावजी म्हणाले. "गावोगाव हसं झालंय आपलं."

उजाडत होतं. बोरजाईच्या मारुतीपुढं आम्ही उभे होतो. माझे सासरे, मी, आणि माझी रुक्मी, जिला चौथं वर्ष नुकतं लागलं होतं. सासऱ्यांच्या डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, अंगात पायघोळ अंगरखा, डाव्या हातात चिपळ्या. उजवा हात बाहीत नुसता लोंबत होता, वादळात मोडलेली फांदी सालीला धरून राहते तसा. आणि समोर भिवा भावजी, तेही टोपी-अंगरख्यात. एका गावात एका सकाळी दोन वासुदेव. आमच्या माणसांत असं होत नाही. प्रत्येक घराची गावं वाटलेली असतात. दुसऱ्याच्या गावात पाहुणा म्हणून जावं, टोपी घालून जाऊ नये. बोरजाई आमच्या वाट्याची. भिवा भावजी माझ्या नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ, त्यांची गावं नदीच्या पलीकडं. तिकडून ते अंधारातच चालत आले होते, ते काही आमची विचारपूस करायला नव्हे. बोरजाई आणि तिच्या पुढची सगळी गावं आमच्या हातून काढून घ्यायला आले होते.

थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची तेव्हा आमच्यात रीत नव्हती. बोलायचंच झालं तर लेकराच्या आडून. मी पदर पुढं ओढला आणि खाली वाकले.

"रुक्मे, सांग काकाला. अजून गाव मागायचं राहिलंय म्हनावं."

रुक्मीनं मान वर केली. काकाच्या तोंडापर्यंत नजर पोचवायला तिला पार मागं रेलावं लागलं.

"ताता, अजून दाव मादायचं लाहिलंय मनावं."

पारावर शेकोटीला बसलेली माणसं हसली. कुणी म्हणालं, पुन्हा म्हण की गं. भिवा भावजींनी माझ्याकडं न बघता सासऱ्यांना सांगितलं, "ह्ये. ह्येच म्हनतोय मी."

ज्यांनी वासुदेव नुसता चित्रात पाहिलाय त्यांना वाटतं, त्याचं सगळं मोल टोपीत आणि गाण्यात. गाणं कुणीही शिकेल. वासुदेवाचं काम गाणं संपल्यावर सुरू होतं. घरची बाई पसाभर दाणे आणते, झोळीत घालते, आणि वासुदेव त्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घेतो. अमक्याला दान पावलं, तमकीला दान पावलं. घरच्यांनी नाव सांगायचं नसतं, ते वासुदेवाला ठाऊक असावं लागतं. त्याच्या तोंडून नाव निघालं की दाणा वर पोचला, असा भाव. बाया डोळे मिटून ऐकतात. एखादं नाव आलं की पदर डोळ्यांना लावतात आणि पुन्हा चुलीकडं वळतात. तेवढ्यासाठी त्या वर्षभर वासुदेवाची वाट बघतात.

माझ्या सासऱ्यांना, दगडूबांना, आमच्या वाट्याच्या गावांतलं घर न् घर पाठ होतं. सगळं जिभेवर. सुगी जवळ आली की ते संध्याकाळी ओट्यावर बसून उजळणी करायचे. गाव, घर, नावं. पुन्हा गाव, पुन्हा घर, पुन्हा नावं. मांडीवर रुक्मी. बोलायला लागल्यापासून तिचं अंगाईगीत हेच. तिला ते गाणंच वाटायचं. सासरे एक नाव घ्यायचे, ती मागून तेच घ्यायची, आपल्या परीनं. तिच्या तोंडात क यायचा तो त होऊन, ग चा द, र चा ल, आणि स-श दोन्ही मिळून एकच छ. गाईला दाय, करडाला तलदू. भूक लागली की "आई, दलम भातली दे." शब्द तिच्या तोंडात जायचा आणि दुधात भिजून बाहेर यायचा, कडा म्हणून राहायच्या नाहीत. शेजारच्या बाया मुद्दाम तिला थांबवून विचारायच्या, तुझं नाव काय गं? ती ठसक्यात सांगायची, "लुत्मी दददूबा वाछुदेव." बापाचं नाव नामदेव, ते ती घ्यायचीच नाही. आजाचंच नाव लावायची. बाप म्हणायचा, बरं झालं, माझं तरी नाव वाचलं तिच्या तावडीतून.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी चूळ भरली ती एका बाजूनं सांडली, आणि लोटा हातातून सुटला. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला लावलं. पायानं हळूहळू बळ धरलं. तोंड मात्र एका अंगाला ओढलेलं राहिलं. आणि एक विचित्र झालं. गाणं आलं त्यांच्या तोंडून, अडखळत का होईना, सुरात आलं. नावं येईनात. नाव डोळ्यांत दिसायचं, ओठापर्यंत यायचं आणि तिथंच थिजायचं. साधं 'दुरपदा' म्हणून मला हाक मारता येईना. ताट वाजवून बोलवायचे.

एका संध्याकाळी ते ओट्यावर बसून उजळणी करायला गेले. "बो…" म्हणाले आणि थांबले. पुन्हा "बो…". मी चुलीपुढून बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मांडीवरच्या रुक्मीला वाटलं, आबा गाणं विसरला. तिनं कंटाळून पुढचं आपणच सुरू केलं. "बोलजाई. जददाले. तुतालाम, दनपत, छदुना…"

सासऱ्यांनी डोळे पुसले. मग त्यांनी डाव्या हातानं चिपळी उचलली. रुक्मी नाव घ्यायची, ते चिपळी वाजवायचे; वाजली म्हणजे बरोबर. मधे एकदा वाजली नाही. रुक्मी थांबली, विचार केला, दुसरं नाव घेतलं. वाजली. अंधार पडेपर्यंत ती दोघं गावामागून गाव चालत गेली, जागची न हलता. माझी तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास मला कितीतरी वेळानं आला.

ते सगळं झाल्यावर सासऱ्यांनी खुंटीवरच्या अंगरख्याकडं बोट केलं.

नामदेव कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचे. टोपी घालायची त्यांना लाज वाटायची. घरी आल्यावर त्यांना हे कळलं तेव्हा ते खूप तापले. पोरीची जात, वर बोबडी, वर आजारी म्हातारा. दारोदार घेऊन हिंडणार? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, मग तुम्ही घाला अंगरखा. त्यावर ते दुपारच्या गाडीनं निघून गेले. मग मीच सासऱ्यांचा अंगरखा धुतला, टोपीची पिसं झटकली आणि लेकराला कडेवर घेऊन निघाले. आमच्यातल्या बायका वासुदेवाच्या संगती कधी जात नाहीत. मी गेले. गेले नसते तर ती सगळी नावं त्या ओट्यावरच राहिली असती.

पहिल्या गावांत लोक खुळावले. सासरे डाव्या हातानं चिपळी धरून तुटक सुरात उठवायचे,

जाग झाली गाई-वासरा, जाग झाली रानाला
माय माझी उठली का गं, पसा घाली दानाला

आणि मागून रुक्मीचा आवाज, दवात न्हालेल्या चिमणीसारखा,

जाद जाली दाई-वाछला, जाद जाली लानाला
माय माजी उथली ता दं, पछा धाली दानाला

बाया हातातलं काम टाकून धावायच्या. लाडू द्यायच्या, गालाला हात लावून बोटं मोडायच्या, पुन्हा म्हणायला लावायच्या. ते हसू गोड होतं, मला नाही म्हणता येत नाही. पण नावं यायची तेव्हाही ते हसू थांबायचं नाही. एका दारात सुनेला सासऱ्याचं नाव ऐकून हसू आवरेना, तोंडात पदर कोंबून ती खाली बसली. मी म्हटलं, "बाई, लेकरू बोबडं हाय, नाव बोबडं न्हाई. आदी हात जोडा, मग हसा." ती चपापली. त्या गावात मी फटकळ म्हणून प्रसिद्ध झाले. होऊ दे म्हटलं.

ही बातमी नदीपलीकडं गेली ती वाकडी होऊन. दगडूबानं वासुदेवाचा खेळ केलाय, नात नाचवून दाणे मागतोय.

म्हणून भिवा भावजी आले होते. ते काही वाईट माणूस नव्हते. गळा गोड, चालचलणूक चोख. पारावर उभं राहून ते शांतपणे बोलत होते, आणि त्यामुळंच त्यांचं बोलणं माणसांना पटत होतं. पत्ता चुकला तर टपाल परत येतं की नाही, असं त्यांनी पारावरच्यांना विचारलं. मग नावच नीट घेतलं नाही तर दान कुठं जाईल? मेलेल्या माणसानं ओळखायचं कसं आपल्याला? काकांचं आता वय झालं, नामदेव टोपी घालत नाही, तेव्हा ही गावं भावकीनं सांभाळायची. पुढच्या पौर्णिमेला भावकी बसेल तेव्हा मी तेच सांगणार आहे.

पारावरची माणसं माना हलवत होती. मला दिसत होतं, गाव हातातून चाललंय. गाव गेलं की त्या गावची नावं गेली. भावजींचा गळा किती गोड असला तरी आमच्या गावांतलं एक नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

मी पुन्हा रुक्मीकडं वाकले. "काकाला म्हनावं, जगदाळ्यांच्या दारात चला. तितं ठरंल कुनाचं दान पोचतं ते."

रुक्मीनं एवढा लांब निरोप पोचवायचा कंटाळा केला. ती काकाचं बोट धरून म्हणाली, "चल."

जगदाळ्यांचा वाडा नव्हता, साधं कौलारू घर होतं, पण गावात मान मोठा. दारात संपतराव जगदाळे खांद्यावर टॉवेल टाकून उभे होते. सोसायटीचे चेअरमन, बोलायला मोकळे. दोन वासुदेव बघून ते म्हणाले की आम्हाला एकच पुरे होता, आता दोघांना दाणे घालायचे की निम्मे-निम्मे? मागून आलेली पारावरची माणसं हसली. भावजींनी हात जोडून सगळं सांगितलं. संपतरावांना गंमत वाटली. त्यांनी आईला हाक मारली.

गजराआक्का सूप घेऊन बाहेर आल्या. वाळक्या अंगाच्या, पाठीत वाकलेल्या. दरसाल माझे सासरे यायचे तेव्हा दारात त्या एकट्याच असायच्या. संपतराव त्या वेळी मळ्यात नाहीतर सोसायटीत. त्यांनी सासऱ्यांच्या ओढलेल्या तोंडाकडं पाहिलं आणि नुसतं "बसा" म्हणाल्या. सासरे बसले नाहीत.

आधी भिवा भावजी. त्यांनी गाणं धरलं आणि गल्ली भरून गेली. मी त्यांच्या विरुद्ध उभी होते तरी सांगते, असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. समोरच्या घरातली म्हातारी माणसं उठून उंबऱ्यात आली. आक्कांनी पसाभर ज्वारी त्यांच्या झोळीत घातली. मग भावजी थांबले. त्यांनी संपतरावांकडं बघितलं.

"मालक, नावं सांगा."

संपतरावांनी सांगितली. आजा तुकाराम. वडील गणपत. आजी सगुणा. भावजींनी तिन्ही नावं घेतली, घंटेचा टोल पडावा तशी. तुकारामबाबांना दान पावलं. गणपतरावांना दान पावलं. सगुणाबाईंना दान पावलं. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

आक्का सूप धरून तशाच उभ्या होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, आक्का. आजून कोन ऱ्हायलं का?"

आक्कांनी लेकाकडं पाहिलं. संपतराव म्हणाले, नाही, एवढेच. आक्का सुपाच्या कडेवरचा एक दाणा बोटानं आत ढकलत राहिल्या.

मग सासऱ्यांनी चिपळी वाजवली. त्यांचा सूर त्या गोड गळ्यानंतर फाटक्या घोंगडीसारखा वाटला, कुणी तरी खाकरलं. रुक्मीनं मागून धरलं. माणसं हसायला लागली. संपतरावही हसत होते, मोकळं, लेकराचं कौतुक असावं तसं. आक्कांनी पुन्हा पसा भरला आणि रुक्मीच्या झोळीत घातला. झोळी तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होती, भारानं ती जराशी वाकली.

तिला कुणी काही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

"तुतालाम, दान पावलं."

चिपळी वाजली.

"दनपत, दान पावलं."

वाजली.

"छदुना, दान पावलं."

वाजली. 'दान पावलं' तिच्या तोंडून स्वच्छ यायचं. त्यात तिला अडवणारं अक्षरच नव्हतं.

"ताछिनाथ, दान पावलं."

संपतरावांनी हसत मान हलवली. चुकलं गं बाळा, म्हणाले, या नावाचं आमच्यात कोणी नाही. दुसऱ्या घरचं आलं तुझ्या तोंडी. भिवा भावजी पारावरच्या माणसांकडं वळले, बघितलंत ना, अशा नजरेनं.

सासऱ्यांनी चिपळी वाजवली.

संपतराव त्यांना समजावू लागले. सासऱ्यांनी पुन्हा वाजवली. त्यांचे डोळे आक्कांवर होते. तिसऱ्यांदा वाजवली, इतकी जोरात की रुक्मी दचकून माझ्या लुगड्याला बिलगली.

आक्कांनी सूप खाली ठेवलं.

"काशिनाथ," त्या लेकाला म्हणाल्या. "तुजा थोरला भाऊ."

संपतरावांच्या तोंडावरचं हसू गेलं. आपल्याआधी एक भाऊ होऊन गेला हे त्यांना ठाऊक असावं. नाव कधी त्यांच्या कानावर पडलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं. लहानपणी गेलेल्या लेकराचं नाव घरात कोण काढतं? वडीलमाणसांच्या तसबिरी असतात, तिथ्या असतात. गोवरात गेलेल्या पोराचं काही नसतं. वर्षातून एकदा वासुदेव दारात यायचा आणि नाव घ्यायचा, तेवढंच.

आक्का रुक्मीपुढं खाली बसल्या, गुडघ्यांवर हात टेकत, हळू.

"परत म्हन."

रुक्मीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"ताछिनाथ."

आक्कांनी डोळे मिटले. मग त्या बोलल्या, कुणाकडं न बघता.

"त्यो सोताचं नाव असंच सांगायचा. कोन इचारलं की म्हनायचा, ताछिनाथ दनपत." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "दगडूबा दरसाली काशिनाथ म्हनायचा. चांगलं म्हनायचा. मी दान घालायची. पर मनात यायचं, लेकराला कळत आसंल का, आपल्यालाच बोलावत्यात म्हनून? त्याला तर त्ये नाव कदी म्हनताच आलं न्हाई."

पारावरच्या एका माणसानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

पुढं वर्षा-दीडवर्षात रुक्मीची जीभ वळली. क आला, ग आला, र तर असा आला की ती रागावली की घरभर र र र ऐकू यायचा. लोक हिरमुसले, पहिलं बोल की गं, म्हणायचे. ती म्हणायची, मला येत नाही तसं. सगळी नावं ती चोख घ्यायला लागली, आजाहून चोख. एका जगदाळ्यांच्या दारात मात्र ती शेवटचं नाव जुनंच घ्यायची. मी कधी तिला तसं सांगितलं नव्हतं. आक्का गेल्यावर त्यांचंही नाव ती काशिनाथाच्या आधी घेऊ लागली, म्हणजे आई पुढं आणि लेकरू तिचं बोट धरून मागं.

पण त्या सकाळी अजून एक गोष्ट व्हायची राहिली होती.

संपतराव भावजींना म्हणाले की आमच्या दारापुरतं तरी ठरलं, आता यात काही उरलं नाही. भिवा भावजींनी मान खाली घातली होती. मला वाटलं, जातील. ते गेले नाहीत.

"आक्का, घर तुमचं हाय," ते म्हणाले. "तुमी कुनालाबी दान घाला. पर गाव कुनाचं, त्ये घर ठरवत न्हाई. भावकी ठरवती. आन् पोरीच्या जातीला वासुदेव म्हनायचं का न्हाई, ह्ये तर भावकीच ठरवील. उद्या म्या न्हाई म्हनलं तर हिला कुठल्या दारात उबं ऱ्हाता येनार न्हाई."

खरं होतं ते. भावकीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी नाही म्हटलं असतं तर नाहीच.

मोठी माणसं बोलत होती, तोवर रुक्मी आपलं काम करत होती. तिला आम्ही एवढंच शिकवलं होतं की दारातल्या प्रत्येक माणसापुढं झोळी धरायची, कुणाला वगळायचं नाही. ज्याला घालायचं तो घालेल. ती पारावरच्यांपुढून फिरली. कुणी खिशातले शेंगदाणे घातले, कुणी बोर. फिरत फिरत ती भिवा भावजींपुढं आली आणि दोन्ही हातांनी झोळी उघडून उभी राहिली.

"ताता, दान."

भावजी तिच्याकडं बघून क्षणभर हसले. त्यांना लेकराचा राग नव्हताच. ते खाली वाकले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून, समजुतीच्या आवाजात, जे आमच्यात प्रत्येक बाप आपल्या पोराला पहिल्या फेरीला सांगतो, ते म्हणाले,

"बाळा, आपल्यात आसं मागू नये. वासुदेव वासुदेवाला दान घालत न्हाई."

बोलून झालं आणि ते तसेच वाकलेले राहिले.

मी पदर मागं सारला. लग्न होऊन आल्यापासून थोरल्या दिरापुढं माझं तोंड उघडं पडलं नव्हतं. त्यांनी वर बघितलं, मीही बघितलं, सरळ डोळ्यांत.

"भावजी," मी म्हटलं, "हितं एवढी मानसं ऐकत्यात. आता काय म्हनलात त्ये पौर्निमेला भावकीपुढंबी म्हना."

ते सरळ उभे राहिले. रुक्मीकडं बघितलं, मग आपल्या काकांकडं. माझ्या सासऱ्यांच्या तोंडाची एक बाजू हसत होती. दुसरी हसू शकत नव्हती, पण एवढ्यानं पुरत होतं.

"ऱ्हाऊ दे," भावजी कुणाला तरी म्हणाले, मला की स्वतःला ते कळलं नाही. त्यांनी वाकून काकांच्या पायांना हात लावला, आपल्या चिपळ्या कमरेला खोचल्या आणि नदीच्या वाटेला लागले. गावाच्या कडेला पोचेपर्यंत ते गायले नाहीत.

आक्का आत जाऊन रुक्मीसाठी दूध घेऊन आल्या. ती घटाघट प्याली, ओठांवर पांढरी मिशी तशीच ठेवून झोळी सावरली आणि माझा हात ओढला.

"आई, चल. पुदचं दाल तुथंय?"